त्रेचाळीस नग, इगतपुरी

आमच्या खालच्या मजल्यावरचे देवरेकाका सीडीला सुतळी बांधून वर लाखेचं सील लावत. आत कॉम्प्युटर गेमचा माल असायचा.

काकांची सगळी नोकरी नाशिकरोडच्या पार्सल ऑफिसात गेली. रिटायर झाल्यावर त्यांनी आगगाडी चालवायच्या एका परदेशी गेममध्ये स्वतःचा मार्ग बनवला. लासलगाव ते कसारा, फलाटावरच्या कांद्याच्या गोण्यांसकट. गेममध्ये अशी घरगुती भर घातली की तिला मॉड म्हणतात. काका पार्सल म्हणत, आणि त्यातल्या फायलींना नग. एकूण त्रेचाळीस नग. मी इंग्लिश मीडियमची. त्रेचाळीस म्हणजे किती, हे मला मनात लावून बघावं लागायचं.

मार्ग बनला, पण पॅकिंगने त्यांचा जीव खाल्ला. दुसऱ्याच्या मशीनमध्ये सीडी घातली की सगळं आपोआप जागेवर बसायला हवं. "माझ्याकडे चालतं याला काय अर्थ? पाठवणाऱ्याच्या घरी पार्सल शाबूतच असतं!" म्हणून तपासणी आमच्या कॉम्प्युटरवर. बेल वाजली की आई मला म्हणायची, "जा, तुझं पार्सल आलं."

हे पार्सल इगतपुरीच्या पवारांसाठी होतं, काकांच्या वेळचे रेल्वे इंजिनाचे ड्रायव्हर. अर्धांगवायूने त्यांची उजवी बाजू आणि वाचा गेली होती. आठ महिने ते कुणाकडे धड बघतही नव्हते. त्यांच्या सुनेने घरच्या कॉम्प्युटरवर मूळ गेम घालून ठेवला होता. काका रविवारी सीडी घेऊन जाणार होते.

"एकदाच बसेल तो स्क्रीनसमोर, पूर्वा. तिथे फुटलं, तर परत नाही बसायचा."

बुधवारी सील फोडलं. सेटअप म्हणाला, झालं. गेम उघडला, तर मार्गाचा पत्ताच नाही. काकांनी खुर्ची पुढे ओढली. "नग शाबूत?" मी फायली मोजल्या. फॉर्टी-थ्री. गुरुवारी नवी सीडी, नवं सील, पुन्हा तेच.

खरं तर मला बुधवारीच कळलं होतं. काकांचा गेम सी ड्राइव्हवर होता, आमचा डीवर. त्यांच्या सेटअपने आमच्या सीवर नवाच फोल्डर काढून सगळे नग तिथे नीट उतरवले होते. पण जन्मभर पार्सलं पाठवलेल्या माणसाला पत्ता चुकला म्हणून कसं सांगायचं? मी नुसता माउस हलवत बसले.

शुक्रवारी काकांनी तिसरं सील फोडलं. लाखेचे तुकडे कीबोर्डवर सांडले.

"काका," मी म्हटलं, "यावर पत्ता तुमच्याच घरचा आहे."

"माझ्या?"

"सगळ्यांचा गेम एकाच जागी नसतो. कुठे उतरवू, ते सेटअपला आधी विचारायला लावा."

काकांनी सीडी बाहेर काढली. "कधी कळलं तुला?"

"बुधवारी."

"अगं, मग बोलायला काय मुहूर्त लागतो?"

त्यांनी तिथूनच इगतपुरीला फोन लावला. पवारांकडेही गेम डीवरच होता. फोन ठेवून काका सीडी घेऊन थेट खाली गेले, सेटअप दुरुस्त करायला.

शनिवारी आमच्याकडे घाट दिसला, बोगद्यासकट. तरी रविवारभर माझं कशात लक्ष लागेना. पार्सल आता पत्त्यावर पोचेल खरं, पण पवार ते घेतील का?

संध्याकाळी बेल वाजली. मीच धावले.

"नग शाबूत?"

काका चपला न काढताच आत येऊन बसले.

"गाडी मी चालवत होतो. तो शेजारी, मान खाली घालून. घाटात मी ब्रेक उशिरा लावला." त्यांनी उजव्या हाताची पाठ पुढे केली. "फाडकन मारलं इथे. डाव्या हाताने. आणि मला बाजूला सारून..." त्यांनी डाव्या हाताने हवेतच ब्रेक ओढून दाखवला. "नाशिकरोडला गाडी लेट झाली, की असाच यायचा अंगावर. 'देवऱ्या, तुझ्या पार्सलांपायी!'"

हातावर काहीच दिसत नव्हतं. तरी काका दुसऱ्या हाताने ती जागा झाकून बसले होते. आईने पुढे केलेला चहाचा कपसुद्धा त्यांनी घेतला नाही.