नाव घेणारी सोनूकाकी

महाडजवळच्या आमच्या नाते गावात नवऱ्याला नावाने हाक मारणारी एकच बाई होती, सोनूकाकी. तीही दबक्या आवाजात नव्हे. दारात उभी राहून नदीपलीकडच्या शेतापर्यंत पोचेल अशी: "धोंडूऽऽ! भाकरी निवते रे!" आणि पलीकडून धोंडूकाका तितक्याच जोरात म्हणायचे, "ओऽऽ! आलो गो!"

नवऱ्याचं नाव घेतलं तर त्याचं आयुष्य कमी होतं, असं मानायचे ते दिवस. घ्यायचं ते हळदीकुंकवाला, उखाण्यात, तेही लाजत. काकीच्या जागी दुसरी असती तर तिने धोंड्याच्या महिन्यालासुद्धा 'तो जास्तीचा महिना' म्हटलं असतं. पण काकीला कुणी टोकलं की उत्तर ठरलेलं. "खोटं कशाला सांगू गो? नाव त्याच्या आयशीनं ठेवलं, मी घेते. तुम्ही नुसती नावं ठेवताय!"

बायका हसायच्या. मी जळायचे. आमचे हे शाळेत मास्तर. माझी हाक म्हणजे "ऐकलं का?" ती शेजारच्या खोलीत ऐकू गेली तर नशीब. एकदा तर म्हणाले, "मला वाटलं, मांजराशी बोलतेस."

शिरगणतीच्या वेळी महाडहून एक कारकून आला. नवऱ्याचं नाव विचारलं की एकेक बाई पदर तोंडात धरून उभी. कुणी देवाकडे बोट दाखवतेय, कुणी झाडाकडे. कारकून रडकुंडीला आला. शेवटी काकी पुढे झाली आणि तिने आळीतल्या सगळ्या नवऱ्यांची नावं घडाघडा सांगून टाकली. त्यात ह्यांचंही. माझ्या नवऱ्याचं नाव परक्या बाईच्या तोंडून खणखणीत वाजलं, आणि आतून ह्यांनी चटकन ओ दिली! त्या दिवशी मी आमटीत मीठच घातलं नाही.

पुढे एका भातकापणीला धोंडूकाका तापाने गेले. "बघा, नाव घेऊन घेऊन आयुष्य संपवलंन त्याचं," बायका कुजबुजल्या. काकी त्यांचं नाव घेऊन आक्रोश करील असं वाटलं होतं. पण महिने गेले, तिच्या तोंडून ते नाव आलं नाही.

मला वाटलं, लोकांनी तिचं तोंड बंद केलं. एका दुपारी न राहवून विचारलंच, "काकी, बायका बोलतात म्हणून नाव घेत नाही का हो?"

"त्या भवान्यांना कोन घाबरतंय?" ती फिसकन हसली. मग पलीकडच्या शेताकडे बघत राहिली. "खोटं कशाला सांगू गो. मी हाक मारली का त्याची ओ यायचीच. एक डाव चुकला नाय. आता मारली आन ओ नाय आली, म्हंजे तो गेलाच ना? म्हनून अजून मारलीच नाय."

धोंडूकाका गेल्यावर तरी माझा जळफळाट संपेल असं मला वाटलं होतं. तो संपला नाही.