निळ्या टाक्यांची टर्की

उकळत्या पाण्याच्या बादलीतून डेलमारने टर्की बाहेर काढली, पिसांची मूठ धरून ओढली, आणि पिसांबरोबर छातीवरची तळहाताएवढी कातडीही हातात आली. मांडीवरचीही फाटली.

अमेरिकेतल्या ओझार्कच्या डोंगरात त्याने उभा जन्म रानटर्की मारल्या होत्या. साफ मात्र एकही केली नव्हती. मारून खांद्यावर आणलेला पक्षी मागच्या ओसरीवर टाकायचा आणि कॉफी प्यायला बसायचं, एवढंच त्याचं काम. पुढचं त्याची बायको व्हर्ना बघायची. ती या हिवाळ्यात गेली. आज त्यांची मुलगी लॉर्ना येणार होती, बापाचं एकट्याने निभतंय का ते बघायला. निभत नसेल तर शहरात आपल्याकडे नेईन, असं तिने फोनवर बजावलं होतं. म्हणून आईच्या हातची असायची तशी, अख्खी, कातडीसकट भाजलेली टर्की तिच्यापुढे ठेवायची, असा डेलमारचा बेत होता.

त्याने शेजारच्या होबार्टला फोन लावला. होबार्टने आधी पाण्याची चौकशी केली.

"खळखळा उकळलंस? अरे, तिला आंघोळ घालायची होती, सूप नव्हतं करायचं."

पाणी उकळीच्या बरंच खाली ठेवायचं, नाहीतर पिसं सुटण्याआधी कातडीच शिजते, हे डेलमारला आत्ता कळलं. कातडी काढून फेक, नुसती छाती कापून तळ, निम्मा गाव तेच करतो, असं होबार्टने सांगितलं. पण व्हर्नाने तसं कधी केलं नव्हतं. निघालेली कातडी परत शिवायला डेलमारने तिचा शिवणाचा डबा काढला. त्यात निळाच दोरा होता.

बुळबुळीत टर्की हातातून निसटायला लागली, म्हणून धुवायला त्याने ती सिंकमध्ये धरून नळ सोडला. अंगावर राहिलेली पिसं सिंकच्या जाळीत अडकली आणि पाणी जमिनीवर आलं. पाणी काढायला त्याने मागचं दार उघडलं, तर ओसरीवरचा पिसांचा ढीग वाऱ्याबरोबर आत आला आणि ओल्यावर जिथे तिथे चिकटला. एक पीस व्हर्नाच्या फोटोवर बसलं. डेलमारने आधी तेवढं काढलं, काच बाहीने पुसली, आणि पुन्हा टाके घालायला बसला.

लॉर्ना दारात उभी होती.

"बाबा, हे काय आहे?"

"जेवण."

तिने खोलीभर पाहिलं, मग टर्कीच्या छातीवरचे निळे टाके पाहिले. डेलमारने सुई खाली ठेवली. वर कपाटात बॅग आहे, तेवढी खाली आण, माझे हात खराब आहेत, असं तो म्हणाला. लॉर्ना हलली नाही.

"बॅग कशाला?"

"बघतेस ना, माझं निभत नाही ते."

"माझं निभत नाहीये, बाबा," ती म्हणाली. "रविवारी सवयीने आईला फोन लावते. मग तुम्ही उचलता, आणि हवापाण्याचं बोलून ठेवून देता."

 डेलमारने शेजारची खुर्ची पिसं झटकून तिच्यासाठी ओढली आणि नवा दोरा ओवून सुई तिच्या हातात दिली.

"छाती झाली," तो म्हणाला. "मांडीकडून तू घे."