बाहेरची हवा बंद

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यापासून प्राध्यापक गुरुलिंग हत्तुरे यांच्या गाडीत सोलापूरची हवा शिरायला लागली. काचा बंद, एसी चालू, आणि तरीही डिझेलचा धूर, रस्त्यावरची माती आणि त्रेचाळीस अंशांची झळ समोरच्या जाळीतून थेट तोंडावर येई. हवा आतल्या आत फिरवायचं एक बटण गाडीत होतं. त्यावर गाडीचं चित्र आणि तिच्या पोटात वळलेला एक बाण. ते दाबलं की दिवा लागे, बाकी काही होत नसे. सरांच्या पत्नी महानंदाबाई शेजारी डोळे मिटून बसत आणि निव्वळ वासावरून सांगत, आता सात रस्ता आला, आता भज्यांची गाडी गेली, आता पुढं कोंबड्यांचा टेम्पो आहे.

"यास्मीनकडं न्या की," एक दिवस त्या म्हणाल्या. "धा मिनिटांचं काम आसंल."

यास्मीन नदाफ होटगी रस्त्यावर गाड्यांचे एसी दुरुस्त करायची. वडील लालसाब थकल्यापासून गॅरेज तीच चालवत होती आणि कॉलनीतल्या निम्म्या गाड्या तिच्याच हातून जात. पण सरांची गाडी तिथं जाणं शक्य नव्हतं. सर एका खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयात यंत्र विभागाचे प्रमुख होते आणि 'शीतकरण व वातानुकूलन' हा विषय बावीस वर्षं शिकवत होते. त्या माणसानं एका झडपेसाठी गॅरेजच्या दारात उभं राहायचं म्हणजे विषयाचाच अपमान होता. अडचण एवढीच, की या बावीस वर्षांत त्यांनी हातात फक्त खडू धरला होता. घरातल्या पंख्याचा रेग्युलेटरसुद्धा महानंदाबाई बदलत, आणि सर त्या वेळी खाली स्टूल धरून सिद्धांत सांगत.

त्यातच पाहणी समितीचं पत्र आलं. महाविद्यालयाला स्वायत्त दर्जा हवा होता आणि त्यासाठीचा तीनशे बारा पानांचा अहवाल सरांनीच लिहिला होता. त्यातल्या एकशे सत्तेचाळिसाव्या पानावर मोहोळच्या अलीकडे असलेल्या 'उद्योग-सहकार्य केंद्रा'चं वर्णन होतं. तिथं विद्यार्थी अद्ययावत यंत्रांवर प्रत्यक्ष काम करतात, असं सरांनी लिहिलं होतं. तिथं इमारत होती, हे खरं. ती प्राचार्य हिंदुराव गरड यांच्या चुलतभावाची पत्र्याची शेड होती आणि अहवाल लिहिताना तिच्यात कांदा भरलेला होता. कांदा तात्पुरता आहे आणि केंद्र कायमचं आहे, अशी प्राचार्यांची भूमिका होती.

समितीचे अध्यक्ष डॉ. पृथ्वीराज नाईकनवरे यांनी पत्रात दोन गोष्टी मागितल्या होत्या. एक, वातानुकूलित वाहन. दोन, उद्योग-सहकार्य केंद्राला समक्ष भेट.

प्राचार्यांनी सरांना केबिनमध्ये बोलावलं. त्यांची स्वतःची गाडी मुलीच्या सासरी, टेंभुर्णीला अडकली होती. उपप्राचार्यांची जागा रिकामी आहे हे त्यांनी आठवण करून दिल्यासारखं सांगितलं, आणि एकशे सत्तेचाळिसाव्या पानाखाली सही कुणाची आहे हेही सांगितलं.

"गाडी तुमची काढू," ते म्हणाले. "एसी मात्र गार पाहिजे, हत्तुरे सर. माणूस तापला की बारकाईनं बघायला लागतो."

समिती सोमवारी येणार होती. रविवारी सकाळी आठ वाजता सरांनी घराच्या फाटकासमोरच्या गुलमोहराखाली गाडी उभी केली आणि कामाला सुरुवात केली. म्हणजे आधी एका कागदावर हवेच्या मार्गाची आकृती काढली, तिला नावं दिली. मग मोबाइलवर एक व्हिडिओ लावला. तो तमिळमध्ये होता आणि गाडीही वेगळी होती. पण झडप ही झडपच असते, असं सर म्हणाले. महानंदाबाईंकडे बॅटरी धरायचं काम आलं.

डाव्या सीटसमोरचा कप्पा निघाला तर झडप दिसेल, असं आकृतीत होतं. व्हिडिओत कप्प्याला सहा स्क्रू होते. सरांनी अकरा काढले. मग कप्पा नुसता ओढल्यावर निघाला, कारण तो मुळात खटक्यावर होता. मागच्या जाळीतून लिंबाचा वाळका पाला, दोन मेलेल्या गांधीलमाश्या आणि शेंगांची टरफलं निघाली. शेजारचे निवृत्त पोस्टमास्तर कुंडलिक शिंदे एवढ्यात दूध घेऊन आले ते तिथंच थांबले. श्रोता मिळाल्यावर सरांनी काम बाजूला ठेवून अर्धा तास वातानुकूलनाचा इतिहास सांगितला. दूध नासेल, असं म्हणून शिंदे गेले.

शेवटी सीटवर पाय, पायदाणीत डोकं, अशा अवस्थेत सरांना झडप दिसली. तिला हलवणाऱ्या छोट्या मोटरच्या चक्राचा एक दात तुटला होता. दिवा लागे, मोटर फिरे, झडप मात्र जागची हलत नसे. निदान अचूक होतं आणि ते स्वतः केलं होतं, याचा सरांना इतका आनंद झाला की उठताना त्यांचं डोकं डॅशबोर्डवर आपटलं.

नवीन मोटर रविवारी मिळणार नव्हती. महानंदाबाईंनी पुन्हा यास्मीनचं नाव काढलं. सरांनी थोडा विचार केला आणि एक मूलगामी प्रश्न विचारला: एप्रिलमध्ये सोलापुरात बाहेरची हवा हवीय कुणाला? झडप उघडायचीच नसेल, तर मोटर तरी कशाला? त्यांनी जुन्या स्लीपरचा तळ कापला, झडप हातानं पूर्ण मिटवली, मागं रबराची पाचर ठोकली आणि वरून डिंक, त्यावर चिकटपट्टी, त्यावर पुन्हा डिंक असं भक्कम काम केलं. बाहेरची हवा कायमची बंद झाली. कप्पा परत बसवल्यावर चार स्क्रू उरले. ते कंपनीनं जास्तीचे दिले असावेत.

संध्याकाळी चाचणी म्हणून दोघं विजापूर रस्त्यानं फिरून आले. गाडी पाच मिनिटांत गार पडली. धूर नाही, धूळ नाही. वासावरून ठिकाण सांगायला काही उरलंच नव्हतं, त्यामुळे महानंदाबाई गप्प होत्या. मग त्या घोरायला लागल्या. घरी आल्यावर डोकं जड झालंय, असं म्हणाल्या. सरांच्या मते याला सुख म्हणतात आणि त्यांना त्याची सवय नव्हती.

सोमवारी समितीनं ग्रंथालय पाहिलं, प्रयोगशाळा पाहिल्या. डॉ. नाईकनवरे बारीक अंगाचे, चष्म्यातून वर बघणारे गृहस्थ होते आणि प्रत्येक यंत्रावरची धूळ बोटानं पाहत होते. बरोबर एक नागपूरचे आणि एक नांदेडचे सदस्य होते. ते अध्यक्षांच्या बोटाकडे पाहत होते. दुपारी कडक भाकरी, शेंगांची भाजी, धपाटे, दही आणि आग्रहानं दोन दोन शेंगापोळ्या असं जेवण झालं. त्यानंतर कोणीही केंद्राचं नाव काढणार नाही, असा प्राचार्यांचा अंदाज होता. नाईकनवरे हात धुता धुताच म्हणाले, "आता ते एकशे सत्तेचाळीस पान बघू."

सर गाडी चालवायला बसले. शेजारी प्राचार्य, मागं समितीचे तिघं. काचा चढल्या, एसी लागला. प्राचार्यांनी बोर्ड रंगवून लावायला माणूस पाठवला होता. पण कांदा हलला नव्हता, कारण चुलतभावाला अजून भाव पटत नव्हता. बाळे गाव ओलांडेपर्यंत नाईकनवरे केंद्रातल्या यंत्रांची यादी विचारत होते. सर तोंडाला येतील ती नावं सांगत होते आणि तळहाताचा घाम पँटला पुसत होते. मग प्रश्न विरळ झाले. "आणि ते… दुसरं यंत्र…" एवढं बोलून अध्यक्ष थांबले.

सरांनी आरशात पाहिलं. नागपूरचे सदस्य नांदेडच्या खांद्यावर होते. नांदेडचे काचेवर होते. दुसऱ्या काचेशी बसलेल्या अध्यक्षांची हनुवटी छातीला टेकली होती आणि चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला होता. सरांचे स्वतःचे डोळेही जड होत होते, पण भीतीनं ते मिटत नव्हते. प्राचार्य आपलीच मांडी चिमटत होते.

शेड आली. नवा बोर्ड उन्हात चकाकत होता, खाली उघड्या दारातून कांद्याची रास दिसत होती आणि राशीवर एक बाई बसून कांदे निवडत होती. सरांनी पाय ब्रेकवर नेला. प्राचार्यांनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि दुसऱ्या हातानं हवेत एक गोल काढला. सर समजले. त्यांनी इतक्या अलगद गाडी वळवली, की गाडी शिकतानासुद्धा तसं वळण त्यांना जमलं नव्हतं. गाडी आल्या वाटेनं सोलापूरला निघाली.

महाविद्यालयाच्या फाटकाशी गतिरोधक लागला तेव्हा अध्यक्ष जागे झाले. त्यांनी चष्मा वर केला आणि बाहेर पाहिलं.

"केंद्र?" ते म्हणाले.

"आत्ताच तर पाहून आलो की, सर," प्राचार्य म्हणाले. "तुम्ही सूचनाही केल्या. लई मोलाच्या."

अध्यक्षांनी नागपूरकडे पाहिलं. नागपूरनं नांदेडकडे पाहिलं. आपण एकटेच झोपलो होतो आणि बाकी दोघांनी केंद्र पाहिलं, हे प्रत्येकाला त्याच क्षणी कळलं. "हो, हो," नांदेडचे सदस्य सगळ्यांत आधी म्हणाले, "स्वच्छता वाखाणण्यासारखी." मग बाकी दोघांना मागं राहता येईना. नागपूरच्या सदस्यांना प्रकाशयोजना आवडली होती. अध्यक्षांनी बराच वेळ विचार करून, यंत्रं थोडी लांब लांब ठेवावीत, असं सुचवलं.

दीड महिन्यानं समितीचा अहवाल आला. केंद्रावर त्यात अडीच पानं होती. स्वायत्त दर्जा मिळाला आणि हत्तुरे सर उपप्राचार्य झाले.

पण घरी महानंदाबाईंनी गाडीत बसणं सोडलं होतं. बसलं की डोकं धरतं, म्हणून त्या रिक्षानं जात, आणि उपप्राचार्यांची बायको रिक्षात दिसते हे सरांना बरं वाटेना. शेवटी दुपारच्या वेळी, ओळखीचं कुणी नाही असं पाहून, त्यांनी गाडी यास्मीनच्या गॅरेजात घातली. तिनं कप्पा एका झटक्यात काढला, आत हात घातला आणि स्लीपरचा तुकडा बाहेर काढून उजेडात धरला.

"हे कुणी केलं, सर?"

सरांनी एका मेकॅनिकचं काम असल्याचं सांगितलं. नाव आठवत नव्हतं.

"त्याच्याकडं परत जाऊ नका," यास्मीन म्हणाली. "पाच मानसं बसली की आत तीच तीच हवा फिरतीया. थोडी तरी बाहेरची यायला पायजे. न्हाईतर गुंगी येणारच की. चालवणाराच झोपला तर?"

हा प्रश्न सरांनी स्वतः दोनदा परीक्षेत घातला होता, आठ गुणांना. यास्मीननं नवी मोटर बसवली, बटण दाबून दाखवलं. झडप मिटली. पुन्हा दाबलं, उघडली. उरलेले चार स्क्रू घरी असतील तर आणून द्या, असंही ती म्हणाली.

गाडी गॅरेजातून निघायच्या आतच प्राचार्यांचा फोन आला. पुढच्या महिन्यात नव्या अभ्यासक्रमासाठी दुसरी समिती येत होती. अहवालात या वेळी दोन केंद्रं होती, एक मोहोळला आणि एक वैरागला. वैरागला शेडही नव्हती. "गाडीला हात लावू नका, हत्तुरे सर," प्राचार्यांनी बजावलं. "आहे तशी ठेवा."

सर पुन्हा यास्मीनपाशी गेले आणि इकडंतिकडं पाहत, झडप आधी होती तशी करून मिळेल का, असं हळूच विचारलं.

यास्मीननं हात पुसले. "बिगडलेलं मी नीट करते, सर. नीट असलेलं बिगडवायचं मला येत न्हाई. ते तुमच्या त्या मेकॅनिकलाच सांगा."

तेव्हापासून दर रविवारी सकाळी आठला उपप्राचार्य हत्तुरे गुलमोहराखाली पायदाणीत डोकं घालून पडलेले असतात. आकृती नवीन काढली आहे, पण नुसतं बटण दाबलं की झडप मिटते, हे तिच्यात नाही. नवी मोटर दर वेळी पाचर ढकलून देते; तीन स्लीपर झाल्या, डिंकाच्या पाच बाटल्या संपल्या. समिती आठ दिवसांवर आली आहे, आणि झडप काही केल्या बिघडत नाही.