जावळाचं कार्ड आणि सासऱ्यांचं अक्षर

"कार्ड माझ्याच अक्षरात निघंल, न्हाईतर निघायचं न्हाई," शिवशंकररावांनी नातवाच्या जावळाआधी पाच दिवस जाहीर केलं आणि सून कोमल लॅपटॉप घेऊन बसली. वसमतला सासऱ्यांचं लग्नपत्रिकांचं दुकान होतं. वीसेक वर्षांपूर्वी त्यांनी आपल्या वळणदार अक्षराचा फॉन्ट बनवून घेतला होता, असं ते सांगत. अर्ध्या तालुक्याच्या पत्रिका त्याच अक्षरात निघाल्या. पुढं दुकान बंद झालं, फॉन्ट सीडीत पडून राहिला.

सीडी चालेना. कोमलनं ती उलटी केली, तर चकचकीत बाजूवर हळदीकुंकवाचे थर.

"दर दसऱ्याला पूजा केली मी तिची."

"मामंजी, मशीन ह्याच बाजूनं वाचतं."

"मंग दुसऱ्या बाजूला जागा कुठं हाय? तिकडं दुकानाचं नाव लिवलंय."

बाळाच्या, आयुषच्या, वाइप्सनी तिनं सीडी पुसली, एक डोळा आयुष कुंकू चाटतो का याच्यावर ठेवून. फाइल निघाली, पण नवा लॅपटॉप तो जुना प्रकार ओळखेना. नांदेडला बीसीए करताना शिकलेलं तिला आठवलं. फाइल बदलायचं एक टूल तिनं उतरवून घेतलं. त्याला ना बटणं ना चित्रं. काळ्या खिडकीत हुकूम टाइप करायचा. ती अर्ध्यावर होती, तेवढ्यात मांडीवरल्या आयुषनं एंटरवर थाप मारली. अर्धवट हुकमावर टूलनं फाइल बदलली नाही, फॉन्टची सगळी कुंडलीच पडद्यावर ओतली.

"बनवल्याचं साल दोन हजार दोन," कोमल वाचत गेली. "अक्षर कुणाचं... सुमन." आणि तिनं जीभ चावली.

ज्यांचं ते नाव, त्या सासूबाई मागंच तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या.

"फाइलीत चुकी असंल," शिवशंकरराव पुटपुटले.

"चुकी कशाची? तुमीच कोऱ्या कागदावर सारी बाराखडी लिवून घेतली माझ्याकडून. माझं अक्षर मला वळखू येत न्हाई व्हय?"

"मग आत्या, इतकी वर्षं बोलल्या काहून न्हाईत?" कोमलनं विचारलं.

"गिऱ्हाईक तारीफ करायचं, हे दिवसभर खूश. घरात तकलीफ कमी."

शिवशंकररावांनी लॅपटॉप आपल्याकडं वळवून ते नाव वाचलं. मग म्हणाले, "कार्डाच्या खाली टाक, कोमल. अक्षर : सौ. सुमनबाई."

"तेवढी ओळ माझ्या अक्षरात नको," सासूबाई शेंगांवरची नजर न काढता म्हणाल्या. "तुमच्या हातानं लिवा."

कोमलनं फॉन्टची फाइल नव्या प्रकारात बदलली, दोनशे कार्डं देखणी निघाली. दोन दिवस सासरे पेन घेऊन एकेका कार्डावर ती ओळ लिहीत बसले.

शनिवारपासून फोन सुरू झाले. पहिला कळमनुरीच्या मावशींचा.

"कार्ड लई झ्याक हाय, कोमल. पर खाली डॉक्टरनं औषध कोन्चं लिवून देलंय?"