झुंबर कसा आकसला

एका जंगलात हौसाबाई नावाची टिटवी राहायची, आणि तिचं कोणी ऐकलं नाही. हे आधीच सांगितलेलं बरं, पोरांनो. नाहीतर गोष्ट संपल्यावर तुम्ही विचाराल, एवढं सगळं झालं आणि कोणीच कसं बोललं नाही? बोलली होती. पहिल्याच आठवड्यात बोलली होती. चारचौघांत, खणखणीत बोलली होती. पण टिटवीनं तोंड उघडलं की लोक म्हणतात, अपशकुन झाला. काय म्हणाली ते ऐकायला थांबतं कोण?

तर त्या जंगलात बास्केटबॉल खेळायचे. उंच खांबावर टोपली टांगायची आणि तिच्यात चेंडू टाकायचा. टोपलीला बूड नसतं. टाकलेला चेंडू खाली पडतो. मग तो परत टाकायचा. यात मोठमोठ्या प्राण्यांचं आयुष्य जातं, तेव्हा हसू नका.

संघ गवाशेठचा होता. गवाशेठ म्हणजे रानगवा. अंगानं डोंगर, अकलेनं मऊ. खेळाडूंना तो पगारात फणस द्यायचा. जंगलात त्याच्या शब्दाला फार मान होता, कारण फणस त्याच्याकडे होते.

खेळाडू पारखायला त्यानं धनेशराव ठेवले होते. धनेश पक्षी असतो बघा, चोचीवर शिंगासारखं मोठं टोपण असलेला. बघणाऱ्याला वाटतं, केवढं हे डोकं. ते टोपण आतून पोकळ असतं. धनेशरावांना हे कोणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर त्यांनी समिती नेमली असती.

आणि झुंबर म्हणजे एक कोवळं वानर. लांब हात, लांब शेपूट, तोंडावर कायम शेंबूड. तो फांदीवर बसून समोरच्या झाडाच्या ढोलीत उंबरं टाकायचा. दहातली दहा आत. ढोलीतल्या घुबडानं तक्रार केली म्हणून तर ही गोष्ट बाहेर आली.

हौसाबाईचा त्याच्यावर जीव होता. टिटवीची अंडी उघड्या माळावर असतात, दगडगोट्यांत. ना भिंत, ना छप्पर. मागच्या वर्षी तिच्या चार अंड्यांवर मुंगूस आलं, तेव्हा या पोरानं झाडावरून उंबरांचा मारा करून त्याला पळवलं. तेव्हापासून तो तिला मावशी म्हणायचा आणि ती त्याला झुंबऱ्या म्हणायची. चारी पिल्लं जगली होती. त्याहून मोठं नातं कोणतं असतं?

धनेशराव झुंबरला बघायला आले. त्यानं दहा चेंडू टाकले. दहाही टोपलीत गेले.

धनेशराव म्हणाले, "नेम चांगला आहे. पण हा आजचा नेम झाला. मला उद्याचा बघायचाय."

"मग उद्या या की," हौसाबाई म्हणाली.

"तसं नव्हे बाई. पोराच्या आत काय दडलंय ते बघावं लागतं."

"आत उंबरं आहेत. सकाळीच खाल्लीत त्यानं."

धनेशरावांनी मान फिरवली. विद्वानांना उत्तर सुचलं नाही की ते मान फिरवतात.

शेवटी ठरलं ते असं. झुंबरनं दसऱ्यापर्यंत वीतभर वाढून दाखवायचं. वाढला तर संघात कायम. नाही वाढला तर संघातून बाहेर. आणि गवाशेठच्या संघातून बाहेर म्हणजे जंगलातूनही बाहेर, असा तिथला कायदा होता. नदी ओलांडायची आणि परत यायचं नाही.

आता उंची मोजायची कशावर? मैदानाच्या कडेला जुना साग होता. पण सागाची साल खडबडीत, तिच्यावर खूण शोभून दिसत नाही, असं धनेशरावांनी नेमलेल्या समितीचं मत पडलं. शेजारी बांबूचं बेट होतं. मृगाचे दिवस होते. बेटात एक नवा कोंब चार दिवसांपूर्वी जमिनीतून वर आला होता, सरळ, गुळगुळीत, झुंबरपेक्षा वीतभर उंच. धनेशरावांना तो फार आवडला. त्यांनी झुंबरला कोंबाला टेकून उभं केलं आणि त्याच्या डोक्याच्या रेषेत चोचीनं खूण पाडली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

हौसाबाई म्हणाली, "अहो, कोवळा बांबू आहे तो. पेरापेरातून वाढतोय, खूणही वर जाईल."

"टिटवी ओरडली," एक ससा म्हणाला आणि तीन पावलं मागं सरकला.

आठवड्यानं पहिली मोजणी झाली. झुंबर खुणेच्या दोन बोटं खाली होता.

धनेशरावांनी परत मोजलं. दोन बोटं खाली. पोराला ताठ उभं केलं, शेपूट बाजूला धरली, तरी दोन बोटं खालीच.

धनेशराव हळू आवाजात म्हणाले, "मुलगा आकसतोय."

"मुलगा नाही आकसत, बांबू वाढतोय," हौसाबाई म्हणाली. "जरा वर बघा. मागच्या आठवड्यात शेंडा त्याच्या डोक्यावर वीतभर होता. आज कुठं गेलाय बघा."

"शेंडा हा समितीचा विषय नाही. समितीचा विषय खूण आहे."

आणि पोरांनो, खरं सांगायचं तर कोणीही वर बघितलं नाही. सगळे खुणेकडे बघत होते. खूण खाली, डोळ्यांसमोर होती. वर बघायचं तर मान दुखते.

मग दर आठवड्याला मोजणी. आधी चार बोटं, मग वीत, मग दीड वीत. धनेशराव वाळूत चोचीनं रेघ ओढायचे. त्या रेघेला ते आलेख म्हणायचे. आलेख वरून खाली घसरत जायचा. लहान लहान प्राणी तो बघायला यायचे आणि माना हलवायचे. संध्याकाळी वडावर कावळे जमायचे आणि चर्चा करायचे. आजचा सवाल, झुंबरचं काय चुकलं? एक कावळा म्हणाला, आईनं लवकर दूध तोडलं. दुसरा म्हणाला, डोक्यात हवा गेली. तिसऱ्यानं हिशेब मांडला. या वेगानं गेलं तर सर्वपित्री अमावस्येला झुंबर पूर्ण संपेल, पाठीमागं फक्त शेपूट उरेल.

तोवर संघाचे चार सामने झाले होते. चारही झुंबरनं जिंकून दिले.

"अहो, पोर चेंडू टोपलीत टाकतंय," हौसाबाई म्हणाली.

"टाकेल हो," गवाशेठ म्हणाला. "पण वाढत नाहीये ना."

आता हौसाबाईनं दुसरं प्रमाण आणलं. तिच्या घरट्याजवळ काळा कातळ होता. झुंबर रोज तिथं पाठ टेकून बसायचा. तिनं त्याला कातळाला टेकून उभं केलं आणि टिटवीला जमेल त्या पद्धतीनं कातळावर पांढरी खूण केली. कोणत्या पद्धतीनं, ते विचारू नका. पंधरा दिवसांनी परत उभं केलं, तर पोर खुणेच्या वर दोन बोटं.

समितीनं ती खूण हुंगली आणि ती शास्त्रीय नाही असं लिहून दिलं.

तेही एक वेळ चाललं असतं. पण झुंबरलाच ते पटेना. "मावशी," तो म्हणाला, "दगडही आकसला असेल."

"दगड कुठं आकसतो का रे बावळटा?"

"मग मी तरी कुठं आकसतो? पण आकसतोय ना. धनेशरावांचा आलेख आहे."

पोरानं सराव सोडला. दिवसभर फांदीला उलटा लटकायचा. कोणी सांगितलं म्हणून शेपटीला दगड बांधायचा. कोणी सांगितलं म्हणून उंबरं सोडून नुसता पाला खायचा. पाचव्या सामन्यात दहातले चार चेंडू आत गेले. डोक्यात रेघ फिरत असली की टोपली दिसत नाही.

धनेशराव म्हणाले, "बघा. आम्ही सांगतच होतो."

मग हौसाबाईनं डोकं चालवलं. तिला वाटलं, आता या अक्कलवंतांना असं पकडते की पळायला वाट राहणार नाही. ती थेट गवाशेठकडे गेली.

"शेठ, तुम्हालाही मोजून घ्या."

"मला कशाला?"

"तुम्ही आता वाढायचे नाही आणि आकसायचेही नाही. तुमचं माप जिथल्या तिथं राहिलं, तर बांबू खरा. मीच धनेशरावांची माफी मागते. हललं, तर बांबू खोटा."

गवाशेठला हे आवडलं. स्वतःचं माप घेतलेलं कोणाला आवडत नाही? मालकासाठी शेजारचाच दुसरा कोंब निवडला, आणखी नवा, आणखी गुबगुबीत. गवाशेठ टेकून उभा राहिला. धनेशरावांनी अदबीनं खूण पाडली. मालकाचं बघून बाकीच्यांनीही आपापल्या कोंबांवर खुणा पाडून घेतल्या. हौसाबाई घरी गेली आणि आठ दिवस गाढ झोपली.

आठ दिवसांनी मोजणी झाली. गवाशेठ खुणेच्या अख्खा हातभर खाली.

हौसाबाईनं पंख पसरले. "आता बोला."

धनेशरावांचा चेहरा पांढराफटक पडला होता. ते चार पावलं मागं सरकले, मग आणखी चार, आणि म्हणाले, "शेठ, झुंबरजवळ जाऊ नका. हा लागणीचा रोग आहे."

क्षणात पळापळ झाली. ससे बिळात गेले. माकडांनी तोंडाला पानं बांधली. सगळ्यांनी आपापल्या बांबूंवर मोजून घेतलं, आणि खरंच, सगळेच आकसत होते. हरीण आकसलं, अस्वल आकसलं, अस्वलाची सासू आकसली. सासू आकसल्याचं ऐकून अस्वलानं मात्र विशेष दुःख केलं नाही. गवाशेठनं आरसपानी डोहात आपलं तोंड बघितलं आणि रडवेला होऊन म्हणाला, "मला आठ दिवसांपासूनच बारीक वाटत होतं."

"अहो, बांबू," हौसाबाई म्हणाली. "बांबू. बांबू वाढतोय."

"हिला गप्प करा," धनेशराव म्हणाले. "रोगराईच्या दिवसांत अपशकुन नको."

त्याच दुपारी झुंबरला नदीपलीकडे घालवायचं ठरलं. दसऱ्याची वाट बघायला वेळ नव्हता. नदीला पाणी होतं. दोन्ही काठांवरच्या झाडांच्या फांद्या जिथं एकमेकींत गुंतल्या होत्या, तिथून त्याला जायचं होतं.

हौसाबाई काठापर्यंत गेली. बाकी सगळे लांबून बघत होते.

"मावशी, तू जवळ येऊ नको. तूही आकसशील."

"मी आहेच एवढीशी. माझं काय आकसायचं शिल्लक आहे? नाक पूस."

त्यानं नाक पुसलं.

"तिकडं मी कोणाला काय सांगू?"

"काही सांगू नको. चेंडू दिला तर टाक. आणि बांबूपाशी उभा राहू नको."

तो गेला. फांदीवरून फांदीवर, पलीकडं. हौसाबाई त्याची शेपूट दिसेनाशी होईपर्यंत उभी होती. टिटवी झाडावर बसत नाही, नाहीतर ती आणखी थोडा वेळ बघत राहिली असती.

आता पुढचं ऐका, आणि रडू नका. भाद्रपद संपला. पाऊस ओसरला. पावसाबरोबर बांबूंची वाढही थांबली. ती दरवर्षीच थांबते. पुढच्या मोजणीला गवाशेठ होता तिथंच. अस्वल होतं तिथंच. सासूही होती तिथंच.

जंगलात जल्लोष झाला. झुंबर गेला आणि आकसणं थांबलं. यापेक्षा धडधडीत पुरावा असतो काय? धनेशरावांचा सत्कार झाला. त्यांच्या गळ्यात एवढे हार पडले की नुसतं शिंगाचं टोपण बाहेर दिसत होतं. हौसाबाईला पहिल्यांदाच स्वतःची शंका आली होती. ती कातळाकडे गेली, आपली पांढरी खूण बघितली, आणि मगच तिला जेवण गेलं.

दिवाळीनंतर नदी उतरली, तेव्हा पलीकडच्या जंगलाचा संघ सामन्याला आला. गवाशेठ पुढच्या रांगेत बसला होता.

पलीकडच्यांनी अठ्ठावन्न गुण केले. गवाशेठच्या संघानं अकरा. अठ्ठावन्नातले चव्वेचाळीस एकट्यानं केले. लांब हात, लांब शेपूट, नाक स्वच्छ, म्हणून सामना संपेपर्यंत त्याला कोणी ओळखलं नाही.

सामना संपल्यावर तो थेट माळावर हौसाबाईकडे आला आणि वाकला. त्याला बरंच वाकावं लागलं.

"मावशी, बारीक झालीस गं."

"तू उंच झालास मेल्या, म्हणून मी बारीक दिसते."

"खरंच वाढलो?"

"तिकडं मोजत नाहीत का तुला?"

"नाही. चेंडू टोपलीत गेला की गेला म्हणतात. नाही गेला की परत टाक म्हणतात."

हौसाबाईनं त्याच्या गुडघ्याला चोच घासली.

इकडे गवाशेठ गरजला, "हे पोर आपलंच होतं ना? कोणी घालवलं याला?"

चौकशी बसली. बांबूच्या बेटात सगळे जमले. धनेशराव खुणेखाली उभे राहिले. बराच वेळ विचार केला. सत्कारापासून न काढलेल्या हारांनी मान अवघडली होती, म्हणून त्यांनी ती जरा मागं टाकली, आणि त्यांचं लक्ष वर गेलं.

"शेठ," ते म्हणाले, "हा बांबू वाढलेला आहे."

टाळ्यांचा कडकडाट झाला. बांबू वाढतो हा शोध त्या जंगलात प्रथमच लागला होता.

"पण मग हे आधी कोणाला ठाऊक होतं का?" गवाशेठनं विचारलं.

सगळ्यांच्या माना हौसाबाईकडे वळल्या.

"मृगापासून ठाऊक होतं," ती म्हणाली. "मी सांगितलं होतं."

"सांगितलंस. पटवलंस का?"

"नाही पटलं तुम्हाला."

"म्हणजे पटवलं नाहीस. आणि मला मोजायची कल्पना कोणाची होती?"

"माझी."

"म्हणजे ठाऊक असून मला खोट्या बांबूला टेकवलंस," गवाशेठ म्हणाला, आणि त्याला खरोखरच वाईट वाटलं.

धनेशरावांनी वाळूत नवी रेघ ओढली. ती सरळ माळावरच्या घरट्याकडे जात होती.

तात्पर्य: कोवळ्या पोराची पारख नेहमी बांबूवरच करावी. माप चुकलं तरी बांबू उलटून बोलत नाही. आणि चूक पुढं उघडी पडलीच, तर न ऐकणाऱ्यांना दोष देत बसू नये, कारण ते संख्येनं फार असतात आणि त्यांतले बरेच समितीवर असतात. खरं सांगणारी बहुधा एकटीच असते. तिला शोधावं लागत नाही, शिक्षा द्यायलाही सोपं पडतं. म्हणून झुंबर नावाचा गुणी खेळाडू हातचा घालवल्याबद्दल त्या जंगलाच्या दप्तरात दोषी म्हणून आजही एकच नाव आहे: हौसाबाई टिटवी.