मूळ प्रत ठरवणारी समिती

विद्या कोंडून ठेवणे अशोभनीय असल्याने प्रत्येक सभासदाने आपला सोर्स कोड सर्वांना खुला करावा, हे आमच्या मंडळाचे पहिले कलम. संगणकाला बुद्धिबळ शिकवण्याचा छंद असलेल्या आम्हा पाच बडोदेकरांनी ते एकमताने मंजूर केले. त्यानंतर उदयसिंहरावांचा संगणक दुरुस्तीला गेला तो परत येईना, हेरंबचा कोड ‘अजून जरा अस्ताव्यस्त’ होता, जनार्दनकडे पाहुणे आले, आणि मी पडलो चिटणीस, मला कुठली फुरसत? कलम पाळले एकट्या निरुपमाबाईंनी. कारेलीबागेतल्या या निवृत्त गणितशिक्षिकेने तीन वर्षे खपून लिहिलेला प्रोग्राम, समजावणाऱ्या टिपांसह, सगळ्यांना पाठवून दिला. महिनाभरात आम्हा चौघांचे प्रोग्राम एकदम हुशार झाले.

पुण्याच्या स्पर्धेत मंडळातर्फे एकच प्रोग्राम जाणार होता आणि पत्रिकेत त्याच्या लेखकाचे नाव छापणार होते. “आयुष्यभर दुसऱ्यांच्या मुलांचे निकाल वाचले हो,” बाई मला म्हणाल्या होत्या, “एकदा आपलं नाव छापलेलं बघायचंय.”

निवडीचे सामने रविवारी सकाळी हेरंबच्या अलकापुरीतल्या ऑफिसात झाले. पहिल्याच डावात उदयसिंहरावांचे प्यादे शेवटच्या घरात पोचले आणि वजीर व्हायचे सोडून घोडा झाले. समोर हेरंबचेही तेच झाले. तासाभरात पटावर सात घोडे उधळत होते.

“आमचे पूर्वज संस्थानच्या घोडदळात होते,” उदयसिंहराव शांतपणे म्हणाले. “रक्तातच आहे.”

“आणि तुझ्या?” मी हेरंबला विचारले.

“योगायोग. एटलुं तो चाले, एवढं चालायचंच.”

माझा डाव पुढचा होता. मी प्रकृतीच्या कारणास्तव तो सोडला.

निरुपमाबाई संकोचून म्हणाल्या, “अहो, ती माझी चूक. चाचणीसाठी घोडा लिहिला होता, काढायचा राहूनच गेला.”

नक्कल झाल्याचे आता उघडच होते, त्यामुळे चौकशी समिती नेमणे भाग पडले. समितीवर आम्ही चौघे बसलो. पाचही कोड शेजारी मांडले. चौघांनी आपापल्या परीने नावे आणि ओळींचा क्रम बदललेला असल्याने आमचे कोड एकमेकांशी फारसे जुळेनात. बाईंचा मात्र चौघांशीही जुळत होता. जो सगळ्यांसारखा दिसतो त्यानेच सगळ्यांकडून उचललेले असणार, असा निष्कर्ष निघाला.

“पण तारीख बघा ना! माझा आधीचा आहे,” बाई म्हणाल्या.

“तारखेत शुं छे, बाई?” जनार्दनने समजूत घातली. “घटनेत तारखेचं कलमच नाही.”

चूक त्यांनी स्वतःच कबूल केली असल्याने ती मात्र त्यांच्या नावावर नोंदवण्यात आली. पुण्याला उदयसिंहरावांचा प्रोग्राम पाठवायचे ठरले.

“काकू, तेवढा घोडा काढून द्या ना संध्याकाळपर्यंत,” हेरंब म्हणाला.

बाईंनी डोळे पुसले, चष्मा लावला आणि संध्याकाळी दुरुस्ती पाठवली. सगळ्यांना पाठवली. उदयसिंहरावांना दुसरे बक्षीस मिळाले, नावही छापून आले. मला वाईट वाटले. खोटे कशाला बोलू, फार वाईट वाटले. तसे मी इतिवृत्तात लिहिलेही होते, पण समितीने ते विषयाबाहेरचे म्हणून वगळले.

म्हणून हे वेगळे लिहून चार ओळखीच्यांना पाठवले आहे. खाली माझे नाव घातले आहे. एकाकडून दुसऱ्याकडे जात हे तुमच्या हाती पडेतो ते नाव गळलेले असेल, आणि कोणी लिहिले हे तुम्हीही विचारलेले नसेल.