गाडी थांबवू नये, असं लिहिलंय!

"अख्ख्या चंदीगडात माझ्या गाडीसारखी थांबणारी दुसरी गाडी नाही!" असं श्रीनिवास घैसासने सत्याऐंशीच्या नोव्हेंबरात छाती फुगवून जाहीर केलं, तेव्हा त्याची फियाट करनैलसिंगच्या गॅरेजात विटांवर उभी होती. चारही चाकं काढलेली.

"अशी तर कुठलीही थांबेल," विनया म्हणाली. विनया म्हणजे त्याची बायको. तिला फुशारकी ऐकली की लगेच टाचणी सापडायची.

श्रीनिवास मूळचा सांगलीचा, एका सरकारी प्रयोगशाळेत शास्त्रज्ञ. पिंजोरच्या पुढे एका मोकळ्या माळावर काही हौशी मंडळींनी रविवारी गाड्या पळवायचं ठरवलं होतं. रस्ता आखायचा, आपापली रोजची गाडी आणायची, घड्याळ लावायचं आणि सुटायचं! सगळे इंजिनाच्या मागे लागले होते. श्रीनिवासचं गणित वेगळं. "जो उशिरा ब्रेक लावतो तोच वळणावर पुढे जातो," तो म्हणे. म्हणून त्याने पुढच्या चाकांचे जुने ड्रम काढून भंगारात आलेल्या एका नव्या धाटणीच्या गाडीच्या डिस्क बसवून घेतल्या, आणि इंग्लंडच्या मामेभावाकडून, बाळकृष्णाकडून, शर्यतीचे ब्रेकपॅड मागवले. त्यांच्यासोबत चार पानी माहितीपत्रक आलं. श्रीनिवासने ते पाठ केलं!

तेव्हाचे दिवस वाईट होते हो, अख्खा पंजाब दहशतवादाने पेटलेला. सकाळी पेपर उघडला की आधी मेलेल्यांचा आकडा. अंधार पडायच्या आत माणसं घरात. चौकाचौकात वाळूची पोती, पोत्यांमागे बंदुका. विनयाच्या आईचं दर आठवड्याला पत्र यायचं, 'पुरे झालं, परत या.' आणि तरी, आज आठवलं की नवल वाटतं, त्याच दिवसांत सेक्टर बावीसच्या त्या भाड्याच्या दोन खोल्यांत माणसं हसायची, शेजारीण गाजरहलव्याचा डबा धाडायची, आणि घैसाससारखे शहाणे ब्रेक बदलायचे.

गाडी बुधवारी संध्याकाळी तयार झाली. आणि गुरुवारी दहा वाजता विनयाची मुलाखत होती. मुलींच्या एका कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायची जागा, पक्की, पेन्शनची! नवऱ्याच्या बदल्यांपायी तिने सांगलीची नोकरी सोडली होती, हैदराबादची सोडली होती, डेहराडूनची तर दुसऱ्याच महिन्यात. ही चौथी. कडक इस्त्रीची साडी, मांडीवर सर्टिफिकेटांची फाईल, अशी ती आठ वाजताच गाडीत येऊन बसली.

"एवढ्या लवकर कशाला निघायचं?" तिने विचारलं.

"जाता जाता ब्रेक मुरवून टाकू!"

"लोणचं आहे का ते?"

"तसंच समज. ऐंशीच्या वेगावरून वीसवर, दहा वेळा. मग पंधरा मिनिटं गाडी नुसती हळूहळू चालवायची. डिस्क तापलेली असते ना! त्या वेळात गाडी पूर्ण थांबवायची नाही. थांबली तर डिस्कवर डाग बसतो आणि ब्रेक जन्मभर थरथरतात. लिहिलंय तसं!"

विनयाने घड्याळाकडे पाहिलं आणि मोठ्या मनाने हो म्हटलं. तिथेच चुकलं.

शहराबाहेर खरड गावाच्या रस्त्यावर, धुकं विरताना, घैसासने गाडी ऐंशीवर नेली आणि ब्रेक दाबला. विनयाचं कपाळ डॅशबोर्डपर्यंत जाऊन आलं. पुन्हा ऐंशी, पुन्हा ब्रेक! चौथ्या खेपेला फाईल पायाशी, सहाव्या खेपेला चष्मा फाईलपाशी. रस्त्यालगत एक दूधवाला सायकल थांबवून तोंड उघडं टाकून बघत होता. दहावी खेप संपली तेव्हा दूधवाला दिसेनासा झाला होता, आणि गाडीला गरम तव्यासारखा वास येत होता.

"झालं!" श्रीनिवास गाडी परत शहराकडे वळवत आनंदाने म्हणाला. "आता पंधरा मिनिटं निवांत. नऊला वीस कमी आहेत. साडेनऊला तुला कॉलेजच्या दारात सोडतो."

अकरा मिनिटं खरोखर निवांत गेली. मग शहराच्या तोंडाशी गोल चौक आला, आणि चौकातून शहराकडे वळणाऱ्या रस्त्यावर येताना नव्हता तो पोलिसांचा नाका! दूधवाल्याने इमानेइतबारे वर्दी दिली होती: एक गाडी वेड्यासारखी पळते, मग एकाएकी दचकते, परत पळते, आत एक बाई आहे आणि बाईंचे हाल चाललेत.

जवानाने हात वर केला. "रोको!"

श्रीनिवासने घड्याळ पाहिलं. चार मिनिटं उरलेली! माणूस सरळ, कायद्याला मानणारा, पण छापील कागदाला त्याहून जास्त मानणारा. त्याने खिडकीतून चार बोटं दाखवली, "चार मिनट, जी!" असं अदबीने सांगितलं, आणि नाक्याकडे न वळता गोल चौकाला प्रदक्षिणा सुरू केली.

"अहो! बंदुका आहेत त्यांच्याकडे!"

"दिसतायत मला. पण डिस्क तापलीय गं."

दुसऱ्या फेरीला दोन जवान खिडकीशेजारून पळायला लागले. "ओ भाई साहब, गाड़ी रोको!"

"रोक रहा हूँ! बस, ठंडी होने दो!"

"क्या ठंडी होने दें?"

"ब्रेक!"

जवानांनी एकमेकांकडे पाहिलं. ब्रेक निकामी झालेला माणूस त्यांनी पाहिला होता, ब्रेक असून न लावणारा पहिल्यांदाच पाहत होते. तिसऱ्या फेरीला थानेदार जीपमध्ये चढले. पांढऱ्या दाढीचे, दांडगे सरदारजी. आता पुढे फियाट, मागे जीप, बाजूने धापा टाकणारे जवान, आणि शेवटी आपली वर्दी खरी ठरल्याच्या खुशीत दूधवाला. वरातीत फक्त बँड नव्हता!

"दोनच मिनिटं," श्रीनिवास पुटपुटला.

मागून "गोली चला दूँगा!" असं ऐकू आलं. आणि शेजारून दार उघडल्याचा आवाज.

विनया एक पाय बाहेर काढून बसली होती. फाईल छातीशी. डोळ्यांत पाणी, पण आवाज अगदी स्वच्छ. "मी उतरते आहे. तीन गावांत तीन नोकऱ्या सोडल्या तुमच्यामागे. एक शब्द बोलले नाही. ही तर अजून मिळालीही नाही, आणि तुम्ही तीही घालवताय. तुमच्या डिस्कला डाग पडेल म्हणून!"

श्रीनिवासने तिच्याकडे वळून पाहिलं. खरंच, ती एक शब्दही बोलली नव्हती. सांगलीहून निघताना नाही, हैदराबादेहूनही नाही. आणि आपल्याला कधी विचारावंसंही वाटलं नाही! त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली. त्याने पत्रक, पाठ केलेली चारही पानं, मनातून फेकून दिली आणि पूर्ण ताकदीने ब्रेक दाबला.

गाडी जागच्या जागी थांबली. इंचभरही पुढे नाही! असा ब्रेक चंदीगडाने पाहिला नव्हता.

जीपनेही पाहिला नव्हता. ती थेट येऊन डिकीवर आदळली.

जीपचा एक दिवा टिचकन फुटून खाली पडला. मग एकदम "हाथ ऊपर!" झालं आणि श्रीनिवास माहितीपत्रकासकट हात वर करून बाहेर आला. विनयाही उतरली. तिला खरचटलंही नव्हतं. थानेदारांनी गाडी तपासली. आत मिळालं काय, तर पाना, फडकं आणि चकल्यांचा डबा. त्यांनी पत्रक उलटंपालटं केलं, चकली मोडून पाहिली, खाऊनही पाहिली. मग कपाळाला हात लावून सरकारी जीपच्या फुटक्या दिव्याकडे पाहत राहिले.

"ठोकी तो जीप ने है जी, पीछे से," दूधवाला म्हणाला. त्याला कोणी विचारलं नव्हतं.

थानेदारांचा चेहरा पडला. आता रिपोर्ट लिहायचा तर काय लिहायचं? ताशी पंधराच्या वेगाने गोल गोल फिरणाऱ्या फियाटला मागून जाऊन धडकलो? त्यांनी आवाज एकदम मऊ केला. "बहनजी, आपको जाना कहाँ था?"

"इंटरव्यू था मेरा. दस बजे."

"ओहो! बैठो, पुत्तर, बैठो! साड्डी गड्डी विच!" म्हणजे आमच्या गाडीत.

आणि विनया घैसास एका डोळ्याच्या जीपमध्ये बसून, मागे दोन बंदुकधारी जवान घेऊन मुलाखतीला गेली. श्रीनिवास मात्र ओळख पटेपर्यंत नाक्यावरच. थंडी कडाक्याची होती. एका जवानाने फियाटच्या पुढच्या चाकाजवळ हात नेऊन पाहिला आणि ओरडला, "अभी भी गरम है साहब!" मग उरलेले जवान तिथे हात शेकत बसले. त्याला गुळाचा चहा दिला, घरची चौकशी केली. एकाचं गाव फार लांब होतं, वर्षभर तो घरी गेला नव्हता. त्या चहाची चव श्रीनिवासला पुढे कित्येक वर्षं आठवायची, आणि त्या पोराचं पुढे काय झालं असेल हेही.

दुपारी प्रयोगशाळेतून फोन आला आणि त्याला सोडलं. विनया संध्याकाळी बर्फी घेऊन घरी आली.

"मिळाली?" त्याने भीत भीत विचारलं.

"सोमवारपासून रुजू. त्यांचा एकच अवघड प्रश्न होता. नवऱ्याची बदली झाली तर काय कराल?"

"मग?"

"म्हटलं, ते जातील. मी इथेच राहीन."

श्रीनिवासने बर्फी तोंडात टाकली. मग काहीतरी बोलायचं म्हणून त्याने विचारलं, "मी काय करतो ते नाही विचारलं? वर्ग एकचा शास्त्रज्ञ म्हणून सांगायचंस!"

"विचारलं ना. म्हटलं, सध्या पोलिसांच्या ताब्यात आहेत. सुटले की विचारून सांगते."

शर्यत झालीच नाही. जमावबंदी लागली, परवानगी नाकारली, आणि हौशी मंडळी माळावर न जाता घरी भजी खात बसली.

दोन वर्षांनी त्याची पुण्याला बदली निघाली. पुण्याला! जी बदली मिळावी म्हणून अर्धी प्रयोगशाळा देव पाण्यात घालून बसली होती, ती आपण होऊन आली! श्रीनिवासने नकाराचा अर्ज लिहायला घेतला आणि 'कारण' या रकान्यापाशी अडला. विनया पेपर तपासत होती.

"काय लिहू गं?"

"खरं ते लिहा," ती मान वर न करता म्हणाली. "बायको येत नाही म्हणते."

त्याने मुकाट्याने तेच लिहिलं. दुसऱ्या दिवशी अर्ज परत आला. खाली साहेबांचा शेरा होता: 'कारण सबळ आहे. मंजूर.'